आल्सिदेसच्या रानातली इर्जिक

बस टेकडीवर चढली आणि नोएमी उठून खिडकीशी वाकली. त्यांच्या रानावर तांबडी धूळ उठली होती. नऊ वर्षं त्या रानाला नांगर लागला नव्हता, मग धूळ आली कुठून?

चार दिवस ती लोंद्रिना शहरातल्या दवाखान्यात नवऱ्याच्या उशाशी होती. आल्सिदेसच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. शुद्धीवर येताच त्यानं विचारलं काय, तर, "ओट्सचा पेंढा रानावर आहे ना गं तसाच?" न नांगरता त्या पेंढ्यातच तो सोयाबीन पेरायचा. गाव त्याला आळशाची शेती म्हणायचं.

ती बसमधून उतरली ती पळतच सुटली.

रानात सात ट्रॅक्टर होते. बांधाशी बायका निखाऱ्यावर मांस भाजत होत्या. गावानं इर्जिक घातली होती! अडलेल्याचं काम सगळ्यांनी मिळून उरकायचं, तेही त्याला न सांगता. सगळ्यात पुढे दोरिवाल, तिच्या लेकीचा धर्मपिता; त्या नात्यानं तो तिला कोमाद्रे आणि आल्सिदेसला कोंपाद्रे म्हणायचा.

"या, कोमाद्रे! दुपारपर्यंत संपवतो. केवढा उकिरडा करून ठेवला होता आमच्या कोंपाद्रेनं!"

एक तृतीयांश रान उलटं झालं होतं. नोएमी नांगराच्या तासात वाकली. मूळची तांबडी, पण पेंढा कुजून काळी, भुसभुशीत झालेली माती उन्हात पडून वाळत होती. गांडुळं तुटून वळवळत होती. जुन्या मुळांची भोकं, ज्यांतून पाऊस सरळ खाली मुरायचा, ती कापली गेली होती. शेजारी दोरिवालचं रान दर पावसात ओढ्याला मिळायचं आणि ओढा लाल व्हायचा. हे दर पावसाळ्यात बघूनही माणसं इथं नांगर घेऊन आली, तीही मायेनं. तिला रडावं की ओरडावं कळेना.

नको कसं म्हणायचं? इर्जिक आजवर कुणी परत पाठवली नव्हती. उद्या आल्सिदेसला घरी आणायचं तेही दोरिवालच्याच गाडीतून. आणि ती विचार करत होती तोवर नांगरानं आणखी एक तास उलटवला.

"थांबा!" सात इंजिनांच्या घरघरीत ते विरून गेलं. मग ती किंचाळली, "थांबा हो!"

दोरिवालनं इंजिन बंद केलं. टोपी काढली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"गेला का हो तो?"

एकेक ट्रॅक्टर थांबला. एकेक टोपी उतरली.

"नाही. जिवंत आहे," नोएमी म्हणाली, "म्हणूनच थांबा. नऊ वर्षं त्यानं ही माती जपलीय. तुम्ही ती मोडताय."

दोरिवालच्या मानेवरची शीर फुगली.

"म्हणजे आम्ही त्याच्या मुळावर उठलो होय?"

बायकांनी अर्धकच्चं मांस उतरवलं, निखाऱ्यांवर पाणी ओतलं. ट्रॅक्टर एकामागून एक रस्त्याला लागले. निरोप कुणीच घेतला नाही.

दोरिवाल तेवढा राहिला. उलटलेल्या मातीतलं एक ढेकूळ त्यानं उचलून हातात फोडलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "उद्या सातला निघू. घराची वाट याच तुकड्याच्या कडेनं जाते. त्याला दिसणारच."

"मी सांगेन त्याला वाटेत," नोएमी म्हणाली. "तुम्ही फक्त गाडी सावकाश चालवा."