आमची काही हरकत नाही, पण

"आमची काही हरकत नाही," आयझेले म्हणाले, आणि रोसविटा टीट्स समजून चुकली की आता हरकत येणार.

ते पुढच्या फाटकाशी उभे होते. भर जुलैत अंगात लांब बाह्यांचा सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, हातात बायकोने केलेल्या मुरंब्याची बरणी. "खरंच सांगतो टीट्सबाई, आमची मुळीच हरकत नाही. ज्याची त्याची आवड. पण आपल्या मागच्या बागांच्या हद्दीवर जरा उंच कुंपण घालावं म्हणतोय. म्हणजे तुम्हालाही मोकळेपणा, आम्हालाही."

"मला होता की मोकळेपणा! अंगावर चिंधी नव्हती. आणखी किती मोकळं व्हायचं माणसानं?"

आयझेल्यांनी बरणी फाटकाच्या खांबावर ठेवली आणि काढता पाय घेतला.

तळ्याकाठच्या या गावात कुणी तिला असलं काही सांगितलं नव्हतं. भिंत पडून पूर्व-पश्चिम देश एक व्हायच्या आधीपासून इथली माणसं उघडीच पोहत आणि ऊन पडलं की मागच्या बागेत उघडीच काम करत. पलीकडच्या घरातली हिलट्रूड आजही डोक्यावर गवती टोपी आणि पायात रबरी बूट एवढ्याच कपड्यांत झुडपांवरची लाल फळं तोडायची आणि गोगलगायींना शिव्या घालायची. या सगळ्याचा नियम एकच होता आणि तो कुणी कुणाला शिकवला नव्हता. उघड्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं आणि नमस्कार करायचा. शेजाऱ्याला नमस्कार केला नाही तर गाव नाव ठेवायचं, मग तो कपड्यांत असो वा नसो.

आयझेले नवराबायको निवृत्त होऊन पार दक्षिणेकडून, स्वाबियातून आले होते. तिकडे म्हणे दर शनिवारी घरासमोरचा रस्ता झाडायची रीत आहे, कचरा असो नसो. आयझेले इथेही झाडायचे. माणसं वाईट नव्हती, आणि रोसविटाचा वैताग नेमका तोच होता. वाईट माणसाशी निदान भांडता येतं. हे मुरंबा घेऊन येत.

आणि प्रश्न तिचा नव्हताच. तिला झगा चढवायला कितीसा वेळ लागणार? प्रश्न फोल्कमारचा होता.

तिच्या नवऱ्याने सगळी उमर या गावची बस चालवली होती. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला तो स्टिअरिंगवरची दोन बोटं वर करायचा. गेल्या हिवाळ्यात त्याला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. उरला एकच शब्द, "मॉर्गेन", सकाळी भेटेल त्याला करायचा नमस्कार. सूप गरम लागलं की मॉर्गेन. संडासला जायचं असलं की मॉर्गेन. रात्री दिवा मालवला की तेही मॉर्गेन. सुरुवातीला रोसविटा कपाळाला हात लावून बसायची. हळूहळू सुरावरून तिला सगळं कळू लागलं. त्या एका शब्दावर त्यांचा संसार चालला होता.

न्याहारी झाली की ती त्याला पूर्वेच्या हद्दीजवळच्या बाकावर टॉवेल पसरून बसवायची. जन्मभर बसला तसाच, उघडा. सदरा चढवायचा म्हणजे कुस्ती, आणि चढवलाच तर डाव्या हाताने तो बटणं ओढत राही. उन्हात मात्र त्याचा चेहरा पूर्वीसारखा होई. डावा हात वर करून तो म्हणे, "मॉर्गेन." पलीकडे आयझेले शेंगांच्या वेलांना पाणी घालत असायचे. ते चटकन पाठ फिरवत आणि त्याच आळ्यात पाणी ओतत राहत. वेलांखाली तळं साचायचं. रोसविटा मनात म्हणायची, बाग करता येत नाही मेल्यांना.

कुंपण झालं. राखाडी रंगाच्या आडव्या फळ्या, माणसापेक्षा उंच, एक स्क्रू वाकडा नाही. बाकावर जेवणाच्या वेळेपर्यंत सावली. बाक दुसरीकडे हलवावा तर तिथे आलुबुखाऱ्याचं झाड आणि लाकडांची खोपी. फोल्कमार सावलीत फळ्यांकडे बघत बसू लागला.

आणि एके दिवशी रोसविटाच्या ध्यानात आलं की घर फार गप्प झालंय. सूप गरम होतं, तरी तो काही बोलला नाही. त्या रात्री तिने दिवा मालवला आणि वाट पाहिली. काहीच आलं नाही. ती घाबरली. एवढा एक शब्द तर राहिला होता, तोही गेला तर या माणसापर्यंत पोचायचं कुठून?

सकाळी ती तडक आयझेल्यांच्या दारात गेली आणि ऊन अडतंय, कुंपण काढा म्हणाली.

"त्यांना एक चड्डी घाला टीट्सबाई," आयझेले कळवळून म्हणाले. "नुसती पोहायची चड्डी. मी उद्याच्या उद्या कुंपण काढतो. आमची काही हर..."

"कळलं, कळलं!"

तिने चड्डी आणली. निळी, वर पांढरे नांगर. तिने घातली की फोल्कमार काढे. तिसऱ्या खेपेला तिने गाठ मारली, तर रात्रीपर्यंत चुळबुळ करून त्याने ती सोडवली आणि नेम धरून सुपाच्या पातेल्यात टाकली. रोसविटाने नांगरांची ती चड्डी डावाने बाहेर काढली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जनाची लाज सांभाळायला सगळे टपलेले, आणि ज्याचा जीव गुदमरतोय त्याचं कुणाला काही नाही!

घराच्या पुढच्या बाजूला सकाळी ऊन येतं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. तिने फोल्कमारला चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि ढकलत पुढच्या बागेत नेलं, थेट रस्त्यालगत. रस्ता म्हणजे मागची बाग नव्हे हे तिलाही कळत होतं, म्हणून तिने त्याच्या मांडीवर टॉवेल टाकला.

हिलट्रूड धावत आली. झगा उलटा घातलेला. "अगं रस्त्यावर? रोसविटा, डोकं फिरलं का तुझं?"

"टॉवेल आहे."

"हा टॉवेल आहे की हातरुमाल?"

"तुला काय चादर आणून देऊ? ऊन अंगाला लागू दे की त्याच्या!"

इतक्यात खराट्याचा आवाज आला. आयझेले रस्ता झाडत येत होते. त्यांनी फोल्कमारला पाहिलं, कानापर्यंत लाल झाले आणि पाठ करून उलटे झाडू लागले. पण शनिवारचं झाडणं अर्धं टाकून पळणं काही त्यांच्या रक्तात नव्हतं.

फोल्कमारचा डावा हात वर गेला. दोन बोटं.

"मॉर्गेन."

रोसविटाने हिलट्रूडचं मनगट घट्ट धरलं. आला! शब्द आला!

आयझेले झाडत राहिले, तीच एक फरशी, पुन्हा पुन्हा. फोल्कमारचा हात तसाच वर. तो खाली येईना. तेव्हा रोसविटाला ते तळं साचलेलं आळं आठवलं. ती पाठ आठवली. आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"आयझेले!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की समोरच्या घराची खिडकी उघडली. "माणूस नमस्कार करतोय तुम्हाला!"

"मी बघत नाहीये टीट्सबाई," आयझेले खराट्याला म्हणाले. "त्यांना संकोच नको म्हणून. आजवर एकदासुद्धा बघितलं नाही मी त्यांच्याकडे. शपथेवर सांगतो, एकदासुद्धा नाही!"

"तेच तर! एकदासुद्धा नाही! रोज सकाळी तो तुम्हाला नमस्कार करायचा आणि तुम्ही त्याला पाठ दाखवायचात! एकच शब्द उरलाय हो त्याच्याकडे. तो त्याने तुम्हाला दिला, आणि तुम्ही शेंगांना पाणी घालत बसलात!"

आयझेले वळले. "मला वाटायचं," ते हळूच म्हणाले, "हात करून मला जा म्हणताहेत."

आयझेल्यांनी खराटा फाटकाला टेकवला. फोल्कमारच्या तोंडाकडे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"मॉर्गेन, टीट्स."

फोल्कमारने हात खाली घेतला. समाधानाने नाक ओढलं आणि उन्हात डोळे मिटले. रोसविटाला रडू फुटलं, आणि त्याचाही तिला रागच आला.

सोमवारी बाकावर पुन्हा सावली होती. कुंपणापलीकडून कुणीतरी घसा खाकरला. "मॉर्गेन, टीट्स!"

फोल्कमार दचकला. त्याने हात अर्धा उचलला, या फळीकडे बघितलं, त्या फळीकडे बघितलं. हात कुठे करावा ते त्याला कळेना.

"अहो, फळीला काय तोंड असतं?" रोसविटा कडाडली. "कुठे बघायचं त्याने?"

पलीकडे अवजारांची पेटी उघडल्याचा आवाज. मग स्क्रू काढायच्या यंत्राची घरघर. बाकावर बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर येणारी एक फळी, नेमकी तेवढीच, निघाली. उन्हाचा एक पट्टा आत येऊन फोल्कमारच्या चेहऱ्यावर पडला. फटीत आयझेल्यांचा चेहरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

"मॉर्गेन," फोल्कमार म्हणाला.

"मॉर्गेन," आयझेले म्हणाले.

"माझी काही हरकत नाही," रोसविटा म्हणाली, "पण बाकीच्या फळ्या कधी काढताय?"

आयझेले यंत्र उचलून घरात गेले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा त्या फटीपाशी आले. तिथून फोल्कमारच्या तोंडाकडे बघायला त्यांना कमरेत चांगलं वाकावं लागत होतं, आणि ते वाकले.