नामिबियाचं रिटर्न तिकीट

नामिबियाच्या वाळवंटात स्वतः जीप चालवत फिरायचं, हे गुणवंत आणि मुग्धा दोन वर्षं आखत होते. पण २००९ उजाडलं. ते राहत होते त्या दुबईत रोज कुणाची तरी नोकरी जात होती, कर्जाच्या धास्तीने माणसं एअरपोर्टवर गाड्या सोडून पळत होती. गुणवंतचा पासपोर्ट कंपनीच्या ताब्यात होता.

"परत येशील याची गॅरंटी कोण देणार?" त्याने पासपोर्ट मागितल्यावर मॅनेजरने विचारलं.

गुणवंतला परत यायचंच नव्हतं. नामिबियातून परस्पर पुण्याला जायचं, असं त्याने आणि मुग्धाने आधीच ठरवलं होतं.

शेजारच्या टेबलवरचा वसईचा विन्स्टन उठला. "मी देतो, सर." त्याने हमीपत्रावर सहीसुद्धा केली.

घरी आल्यावर गुणवंत म्हणाला, "रिटर्न तिकीट काढू या. नाहीतर विन्स्टन अडकेल."

मुग्धा उठली. मग तिने बॅगेत भरलेले मुलांचे शाळेचे दाखले काढून पुन्हा कपाटात ठेवले.