बाथरूमच्या दारातली जाळी

मित्रांनो, मी एक जुना गॅसचा बॉयलर आहे. सध्या एका इमारतीच्या तळघरात भिंतीला टेकून उभा आहे. भंगाराची गाडी आली की जाईन. त्याआधी मला माझी हकिगत सांगायची आहे, कारण माझ्यामुळे एका माणसाचा जीव गेला.

सत्तावीस वर्षांपूर्वी जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरात एका घराच्या बाथरूममध्ये मला भिंतीवर बसवलं. माझ्या पोटातल्या निळ्या ज्वाळेवर पाणी तापायचं. ते नळाला यायचं, आणि खोल्याखोल्यांतल्या हायत्सुंगमधून, म्हणजे भिंतीवरच्या रेडिएटरमधून, फिरून घर उबदार ठेवायचं. ज्वाळेला हवा लागते. ती मी बाथरूममधूनच घ्यायचो, म्हणून दाराच्या खालच्या भागात एक जाळी ठेवली होती.

पहिली चोवीस वर्षं तिथे लिंडनरबाई राहत होत्या. सप्टेंबर लागला की त्या मेकॅनिकला बोलवायच्या. तो मला उघडून आतली काजळी काढायचा आणि जाताना माझ्या पत्र्यावर थाप मारायचा. मला फार बरं वाटायचं.

मग सिद्धेश आणि तनया राहायला आले. तो विद्यापीठात संशोधन करायचा, ती एका औषध कंपनीत होती. त्यांची मुलगी उर्जा, आता सहा वर्षांची. माणसं चांगली होती, पण सदा घाईत. घरमालकाने पाठवलेला मेकॅनिक एकदा आला, तेव्हा घरी कोणी नव्हतं. दाराला चिठ्ठी लावून तो गेला. नवी टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, घ्यायची राहून गेली. दोन हिवाळे मी तसाच जळत राहिलो. आत काजळी साचत गेली आणि ज्वाळा पिवळी पडू लागली.

गेल्या शरद ऋतूत सिद्धेशचे वडील, देवदत्त, इचलकरंजीहून आले. आयुष्यभर सूतगिरणीत फिटर होते. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी बापलेकांनी घराची हिवाळ्याची तयारी केली. सिद्धेश छोट्या चावीने एकेका हायत्सुंगमधली हवा सोडायचा. सूं आवाज व्हायचा, मग पाणी ठिबकायचं, आणि देवदत्त खाली पेला धरायचे.

"झालं बाबा, तयारी झाली," सिद्धेश म्हणाला.

देवदत्तांनी माझ्याकडे बोट केलं. "आणि हा? याला आतून साफ करायला नको?"

"त्याला मेकॅनिकच लागतो, बाबा. सोमवारी फोन करतो."

सोमवार आला आणि गेला.

नोव्हेंबरात थंडी वाढली. आंघोळीच्या वेळी देवदत्तांच्या पायांना जाळीतून गार वारा झोंबायचा. एका संध्याकाळी त्यांनी खिडकीच्या फटींना रबराची पट्टी लावली. मग पुठ्ठा कापून जाळीवर ठेवला आणि रुंद चिकटपट्टीने चारही बाजू बंद केल्या. काम अगदी नीट होतं, फिटरचं.

उर्जा बघत होती. "नाइन, आजोबा! दास दार्फ मान निष्त!"

असं करायचं नसतं, असं ती सांगत होती. वसंतात धुराडं तपासायला आलेल्या माणसाने तिच्यासमोरच जाळी मोकळी ठेवायला सांगितलं होतं. पण तिला मराठी कळायचं, बोलता मात्र जर्मनच यायचं; आणि आजोबांना जर्मन येत नव्हतं.

"हो गं बाळ, आता तुलाही थंडी नाही वाजणार," ते हसून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी देवदत्त आंघोळीला गेले. गरम पाण्याची धार चालू होती आणि मी जळत होतो. हवा मिळेना. माझा धूर धुराड्यातून वर जाण्याऐवजी खोलीत उतरू लागला. त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होता. त्याला ना वास, ना रंग. देवदत्तांनी कपाळ दाबलं, दाराकडे हात नेला आणि खाली बसले. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मी जळत राहिलो.

"बाबा, अहो बाबा, झालं का?" तनया बाहेरून हाका मारत होती. तिचंही डोकं दुखत होतं. उर्जाला उलटी झाली. तेव्हा सिद्धेशने धक्का मारून दार उघडलं, वडिलांना बाहेर ओढलं आणि सगळ्या खिडक्या उघडल्या.

अग्निशमन दलाची माणसं आली. त्यांच्या खांद्यावरची वायू ओळखणारी यंत्रं दारातच किंचाळू लागली. तनया आणि उर्जा दोन दिवस ऑक्सिजनवर राहून वाचल्या. देवदत्त वाचले नाहीत.

पुढच्या आठवड्यात मेकॅनिक मला काढायला आला. त्याने माझं झाकण उघडलं. आत काजळीचा काळा थर होता. सिद्धेश शेजारीच उभा होता. "सोमवारी फोन करणार होतो मी," तो मराठीत म्हणाला. मेकॅनिकला ते शब्द कळले नाहीत. त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि सिद्धेशचं रडणं थांबेपर्यंत तो तिथेच बसून राहिला.

मित्रांनो, मी देवदत्तांना दोष देत नाही. त्यांना घर उबदार ठेवायचं होतं, आणि माझंही तेच काम होतं. पण घरात माझ्यासारखं कोणी जळत असेल, तर हिवाळ्याआधी त्याला उघडून साफ करून घ्या. त्याची हवा कधी अडवू नका. छताला हा वायू ओळखणारी धोक्याची घंटा लावा. डोकं जड झालं, ज्वाळा पिवळी दिसली, तर कारण शोधत बसू नका. आधी माणसांना बाहेर काढा. घर गार पडलं तर पडू द्या.