चार भिंतींतली जांभळाची टाकी

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची टाकी आहे. पनवेल सोडून कर्नाळ्याच्या डोंगराकडे निघालात की रस्त्यालगत एक गाव लागते. तिथे जगन आणि वेणू या नवराबायकोच्या शेडमध्ये मी उभी आहे. उभी आहे म्हणते खरी, पण दुसरे काही करायची मला सोयच नाही. माझ्या चारी बाजूंनी विटांच्या भिंती आहेत आणि त्या भिंतींतले एकुलते एक दार माझ्यापेक्षा लहान आहे. मग ही आत शिरली कशी, असे तुम्ही विचाराल. म्हणून पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म दुधासाठी झाला. मला दुहेरी अंग दिले होते आणि दोन अंगांच्या मध्ये थंडावा खेळवायची सोय होती. गावोगावचे दूध सकाळ-संध्याकाळ माझ्यात ओतले जाई. दूध हा फार शहाणा पदार्थ. थंड ठेवले की गुपचूप बसतो. पुढे गोठ्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, म्हशी गेल्या, डेअरीला कुलूप लागले, आणि मला ट्रकवर घालून कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका वखारीत आणून टाकले. माझ्या शेजारचे पत्रे येत आणि जात. सळया येत आणि जात. मी तिथेच. वखारीतले कामगार दुपारी माझ्या अंगाला टेकून भाकरी खात, तेवढीच सोबत.

तिथे वेणूने मला पाहिले. तिने बोटाच्या पेराने मला दोन-चार ठिकाणी वाजवून बघितले. मग झाकण सरकवले, डोके आत घातले आणि हाक मारली, "कोन हाय का आत?" माझ्या पोटात तिचा आवाज घुमला. ती स्वतःच हसली.

"काय करतंस? लोकं बगतात," जगन म्हणाला.

"बगूंदे. दुधाची हाय. वास नाय, गंज नाय. आपल्या कामाची हाय."

तिचे काम काय ते ऐका. जगनची भातजमीन रस्त्यात गेली होती. उरली होती ती डोंगराच्या उताराची जागा आणि तिथली त्याच्या आजोबांच्या वेळची जांभळाची झाडे. जांभूळ फार घाईचे फळ आहे. पिकले की पडते, पडले की फुटते, आणि झाडावरून नीट उतरवले तरी रात्र काढत नाही. वरच्या वाडीतली कृष्णाबाई नावाची कातकरी बाई ती जांभळे पानांच्या द्रोणात घालून हमरस्त्यावर विकायची. संध्याकाळी जे उरेल ते तिथेच टाकून यायची. वेणूला ते बघवत नसे. बचत गटाच्या एका शिबिरात तिला कळले की जांभळाची वाईन होते आणि वाईन टिकते. तिने ते शिक्षण घेतले, हात जांभळे करून घेतले आणि परवाना मिळेपर्यंत सरकारी कचेऱ्यांचे जिने चढली.

मित्रांनो, वाईन ही मोठ्या माणसांची वस्तू आहे, तेव्हा तिची चव मी तुम्हाला सांगणार नाही. ती करणाऱ्यांचे काय होते, तेवढे सांगते.

परवान्यासाठी पक्की, कुलूपबंद खोली हवी होती. जगनने आधी ओटा बांधला, क्रेनने मला ओट्यावर उतरवले आणि मग माझ्याभोवती भिंती उचलल्या. गवंडी म्हणाला, "दादा, उद्या ही बाहेर काढायची झाली तर?"

जगन म्हणाला, "बाहेर कशाला काढायची? बायकोला घरात घेतो तेवा बाहेर कशी काढायची ते इचारतो का कोन?"

वेणू तिथेच विटांवर पाणी मारत होती. "इचारायला पायजे होतं," ती म्हणाली. सगळे हसले. वर स्लॅब पडला. नारळ फोडला, पेढे वाटले, आणि माझी बाहेरची वाट त्याच दिवशी बंद झाली. त्या वेळी मला त्याचे काही वाटले नाही. वखारीतून सुटल्याच्या आनंदात होते मी.

पहिला हंगाम मी विसरणार नाही. कृष्णाबाई आणि तिच्या वाडीतल्या बायका झाडाखाली जुनी लुगडी ताणून धरत, वर एकजण फांदी हलवी, आणि सकाळच्या सकाळी पाट्या शेडमध्ये येत. फळ निवडून, धुऊन, कुस्करून माझ्यात पडे. मग दोन दिवसांनी माझ्या पोटात जे सुरू झाले त्याने मी घाबरलेच. दुधाने मला असे कधी केले नव्हते. रस गरम व्हायला लागला, फसफसायला लागला, भांड्यात मधमाश्या कोंडल्यासारखा आवाज यायला लागला. वेणू माझ्या अंगाला कान लावून उभी राही. "बोलतंय," ती जगनला सांगे. "नीट बोलतंय."

रस फार तापला तर वाईन बिघडते. आणि आमच्याकडे वीज नेमकी उकाड्यात जाते. मग जगन गोणपाटे भिजवून आणी, दोघे मिळून ती माझ्यावर पांघरत, सुकली की पुन्हा भिजवत. आजारी माणसाच्या कपाळावर पट्ट्या ठेवतात तसे. एवढी माया मला डेअरीत कुणी केली नव्हती.

त्या वर्षी तालुक्याच्या प्रदर्शनात वेणूला शाल-श्रीफळ मिळाले. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. फोटोत तिच्यामागे माझी अर्धी बाजू दिसत होती. लोक शेड बघायला येत, माझ्यावर हात फिरवत आणि म्हणत, "हीच का ती टाकी?"

पण मित्रांनो, शाबासकी एका दिवसात येते आणि माल रोज विकावा लागतो.

पुढच्या वर्षी जांभळाच्या मोहोरावर अवकाळी पाऊस पडला. झाडे अर्धी रिकामी राहिली. त्याच्या पुढच्या वर्षी फळ उदंड आले, तर बाटल्या वेळेवर आल्या नाहीत. बाटल्यांचा कारखाना लांबचा. तो म्हणे, ट्रकभर घ्या, नाहीतर घेऊच नका. दुकानदारांचे तर निराळेच. त्यांच्या फळीवर द्राक्षाच्या वाईनलाच जागा पुरत नसे. एकदा वेणू पनवेलच्या एका दुकानातून परत आली आणि चपला काढायच्या आधीच बोलायला लागली.

"इचारतो कसा, जांभळाची म्हणजे साखरेवरचं औषध का? नाय म्हटलं, वाईन हाय. तर म्हणतो, मग कोन घेईल? बाई, शिरका असेल तर आण, पाच पेट्या आज ठेव."

"मग?" जगनने विचारले.

"मग काय? बाटली उचलली नि आली."

शिरका म्हणजे आंबून गेलेली वाईन. ती आंबू नये म्हणून तर या दोघांनी गोणपाटे भिजवली होती.

गावाचे बोलणे तर विचारू नका. ज्यांच्या हळदीच्या मांडवातून सकाळी बिअरच्या रिकाम्या पेट्यांचा टेम्पो भरून निघतो, तेच लोक वेणूला 'दारूवाली' म्हणू लागले. तिची जाऊ एकदा दारात उभी राहून म्हणाली, "हळदीकुंकवाला बोलवलं असतं गं, पन बायका काय म्हनतील."  वेणूने आत येऊन मला इतके घासले की माझ्यात तिचा चेहरा दिसू लागला.

त्या उदंड हंगामाची वाईन अशी माझ्यात अडकून राहिली. गिऱ्हाईक नाही म्हणून बाटल्या भरल्या नाहीत, बाटल्या भरल्या नाहीत म्हणून माझी तोटी उघडली नाही. नियम असा, की तोटीला सरकारी सील, आणि अबकारी खात्याच्या साहेबांसमोर ते काढल्याशिवाय मला ओतून रिकामी करायलाही बंदी. मी वाईन कोंडून बसले होते, खोली मला कोंडून बसली होती, आणि त्या खोलीच्या दारात वेणू पायरीवर बसलेली असे. तिघींपैकी कुणालाच हलता येत नव्हते.

त्यात हृतिक बोलला. हृतिक हा त्यांचा मुलगा. उरणच्या वाटेवर कंटेनर यार्डात नोकरीला आहे. मुलगा वाईट नाही. घरचा खर्च आता तोच बघतो.

"आये, गोडाऊनसाठी पार्टी रेडी आहे. रस्त्याला लागून शेड आहे आपली. आणि ही टाकी आत बसलीय, भाडं न देता."

"तू पन बसला होतास माज्या पोटात. भाडं घेतलं का मी?"

जगन हसला. हृतिक हसला नाही. "जांभळं पिकेपर्यंत थांबतो," तो म्हणाला. "तोपर्यंत ही रिकामी झाली आणि माल गेला, तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाय झाली तर दादूला बोलावतो."

दादू हा कळंबोलीचा, गॅसकटर चालवणारा. तो दुसऱ्याच दिवशी माप घ्यायला आला. त्याने माझ्याभोवती टेप फिरवली, दाराला लावली, वर स्लॅबकडे बघितले.

"मावशी, अख्खी नाय निघत."

"भिंत फोडली तर?" वेणूने विचारले.

"भिंतीवर स्लॅबचा भार हाय. तुकडे करून काढायला लागेल." मग त्याने माझ्यावर थाप मारली. "माल मात्र चांगला हाय. आता असा पत्रा येत नाय."

मित्रांनो, तुकडे करणार असलेल्याच्या तोंडून आपली स्तुती ऐकणे कसे असते, ते मला त्या दिवशी समजले.

झाडांवर जांभळे लाल झाली. मग जांभळी होऊ लागली. एका सकाळी कृष्णाबाई आली. पदरात मूठभर फळे होती, ती तिने माझ्या ओट्यावर ठेवली.

"वयनी, सांग काय ते. आनू का नको? नको तर पोरींना दुसरीकडं कामाला नेते. जांभूळ माज्यासाठी थांबत नाय नि तुज्यासाठी पन नाय."

 वेणूने एक जांभूळ उचलून खाल्ले, बी हातात घेतली. "आन," ती म्हणाली. "चार दिवसांनी आन."

कृष्णाबाई गेल्यावर ती जगनला म्हणाली, "साहेबांना बोलवा. ही सगळी आंबवायची."

जगन खाली बसला. "शिरका करतंस?"

"हो."

"आपन रात्र-रात्र जागलो ते कशासाठी? इतकी चांगली झालेली, तिला आपल्या हातानं..."

"चांगली हाय, ते तुमाला माहीत, मला माहीत. आनि हिला माहीत." तिने माझ्यावर हात ठेवला. "तिघांनी किती दिवस एकमेकांना सांगत बसायचं?"

साहेब आले. भले गृहस्थ होते. त्यांनी सील काढले, कागद केले आणि विचारले, "बाई, एकदा आंबवली की यातून वाईन परत होत नाही. विचार केलाय ना?"

"साहेब, वर्षभर दुसरं काय केलंय मी?"

वेणूने घरी चिनी मातीच्या बरणीत थोडा शिरका धरून ठेवला होता. त्याच्यावर जाडसर पांढरी साय आली होती; शिरक्याचे विरजण तेच. शिडीवर चढून तिने ती बरणी माझ्यात रिकामी केली. खरे सांगते, ती साय अंगावर पसरली तेव्हा मला क्षणभर दूध आठवले. जगन बाहेर निघून गेला होता. वेणू शिडीवरच उभी होती. तिने सवयीने माझ्या अंगाला कान लावला. पण शिरका बोलत नाही, मित्रांनो. तो मुकाट्याने होतो.

पुरता शिरका व्हायला वेळ लागतो. पण साहेबांचे कागद झाले होते, तेव्हा आता मला मोकळे करता येत होते. ते सगळे पिंपांत काढून पडवीत ठेवले, आणि मी जांभळांसाठी रिकामी झाले. पिंपे तयार होत गेली तसा माल गेला. पनवेलच्या त्या दुकानदाराने पाच पेट्या घेतल्या आणि पुन्हा मागितल्या. कुणी औषध म्हणून विचारले तर वेणू सांगते, "औषध डॉक्टरकडं. हे चटणीत घाला, कोशिंबिरीत घाला." दारूवाली म्हणणाऱ्या बायका आता शिरका न्यायला येतात. जाऊ दोन बाटल्या घेऊन गेली, हळदीकुंकवाचे बोलावणेही देऊन गेली. वेणू त्या दिवशी गेली नाही. काम होते म्हणाली. हृतिकने माल जाईपर्यंत कळ काढली आणि गोडाऊनचा विषय पुन्हा काढला नाही. एवढेच म्हणाला, "या वासात आता पार्टी पळूनच जाईल."

तर मी वाचले. माझे तुकडे झाले नाहीत, आणि मी सुटलेही नाही. या भिंती आता कायमच्याच. आंबट माल माझ्या जुन्या जोडांना खातो. रोज थोडा खातो, त्याला घाई नाही. वेणू मला गरम पाण्याने धुते, कोरडी करते, जोडांवरून बोट फिरवून बघते. भांडे पोकळ असते म्हणून त्याला काही लागत नाही, असे समजू नका. ज्यात काही आंबट, तिखट, जड साठवता, त्याला आधी हात लावून विचारा, आणि काम झाल्यावर धुऊन ठेवा.

आणखी एक सांगायचे राहिले. शिरका करायला आधी वाईन करावीच लागते. म्हणजे दर हंगामात कृष्णाबाईच्या पाट्या येतात, रस तापतो, गोणपाटे भिजतात, आणि काही आठवडे मी पुन्हा तीच टाकी होते जिचा फोटो आला होता. मग ती तयार होते, आणि नेमकी तयार झाली की आंबवायची. तुमच्या गावात, गल्लीत कुणी मन लावून एखादी नवी वस्तू करत असेल, तर त्याच्या दारात जा. काय करताय, कसे करताय, एवढे तरी विचारा. तो थकून तुमच्या सवयीची वस्तू करायला लागण्याआधी विचारा. घेतलेच पाहिजे असे नाही.

यंदाची आज तयार झाली आहे. वेणू शिडी चढून आली आहे. एका हातात चमचा आहे, दुसऱ्या हातात बरणी. चमचाभर तिने जिभेवर घेतली, डोळे मिटले आणि खाली बघून म्हणाली, "अवो, यंदाची सगळ्यांत चांगली झालीय."

जगनने खालून शिडी धरली आहे. "ओत," तो म्हणतो, पण शिडी सोडत नाही.