सातवं बटन

कॉम्प्युटरचा हट्ट विनयरावांचा. फॅक्टरीतून निवृत्त झालेला माणूस घरात बसला की घर सुधारायला घेतो. विनयरावांनी आधी नळ सुधारले, मग पंखे, आणि नळ-पंखे संपल्यावर बायकोचा धंदा त्यांच्या तावडीत सापडला.

गढा भागातल्या विभावरीबाईंचा फराळाचा धंदा चांगला वीस वर्षांचा. जबलपुरात मराठी घरात लग्न निघालं की रुखवताचे लाडू, करंज्या, चिरोटे त्यांच्याकडूनच जायचे, आणि आजूबाजूच्या मिश्रा-पटेलांनाही त्यांच्या चकलीचा नाद लागलेला. फोनवर ऑर्डर घ्यायला जया. जयाला जन्मापासून दिसत नाही, पण अकरा वर्षांत तिच्या हातून एक ऑर्डर चुकली असेल तर शपथ! ‘हॅलो’ म्हणताच माणूस ओळखायची, वर ‘मागच्या वेळी बेसनाचे कमी पडले होते ना तुम्हाला?’ असंही विचारायची. सगळं तोंडपाठ. संध्याकाळी ती सांगायची आणि विभावरीबाई वहीत उतरवायच्या.

“आणि जया चार दिवस आजारी पडली तर?” विनयराव म्हणाले. “सगळा धंदा एकीच्या डोक्यात ठेवून चालते का?”

बोलणं खरं होतं, म्हणूनच विभावरीबाईंना जास्त राग आला. “आणा तुमचं सॉफ्टवेअर,” त्या म्हणाल्या. “पण जयाला चालवता आलं पाहिजे. नाही तर उचला आणि फॅक्टरीत नेऊन ठेवा.”

कॉम्प्युटर आला आणि जया गेली, असं त्यांना होऊ द्यायचं नव्हतं. फोनजवळची ती खुर्ची जयाची होती आणि जयाचीच राहिली पाहिजे, एवढी एकच अट.

सॉफ्टवेअर विकायला गौतम नावाचा एक चुणचुणीत पोरगा आला. पोहे झाले, चहा झाला. “दीदी के लिए बिलकुल सही है आंटी जी, सब बोलता है,” तो म्हणाला. जयाला कॉम्प्युटरपुढे बसवलं. तिच्या बोटाखाली कळ दाबली गेली की कॉम्प्युटर खरंच बोलायचा. मग काय विचारता! खुर्चीभोवती तिघं उभे. “थोडं पुढे जया... अजून... हां, हेच!” “अब दबाइए दीदी!” लेकरू पहिलं पाऊल टाकतं तेव्हा घरचे करतात तसा सगळा गलका. दोन मिनिटांत एक किलो शेवेची ऑर्डर नोंदली गेली आणि विनयरावांनी टाळ्या वाजवल्या.

“जमते ना गं जया?”

“जमते, वहिनी.”

झालं, सॉफ्टवेअर घेतलं. पुढचे तीन आठवडे इतके झकास गेले की विनयराव आल्यागेल्याला सांगत सुटले. जया फोन घेई, नोंद करी, आणि सकाळी स्वयंपाकघरात कागद छापून येई. त्यावर असेल ते बायका करत. वही माळ्यावर गेली.

चौथ्या आठवड्यात, शनिवारी सकाळी जबलपूरजवळच्या पाटणचे दिवाकरराव जीप घेऊन दारात. उद्या मुलीचं लग्न, रुखवताचे अकरा प्रकार न्यायला आलेले. आणि घरात त्या अकरातला एक लाडूसुद्धा वळलेला नाही!

“मी लिहिली होती,” जया म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. “गुरुवारीच लिहिली. चिरोटे एक्कावन्न, करंज्या एक्कावन्न...” अकराच्या अकरा प्रकार तिनं म्हणून दाखवले. कॉम्प्युटरमध्ये पाहिलं तर ऑर्डर होती, पण रद्द केलेली. तिच्यासोबत आणखी आठ. नऊच्या नऊ जयाच्याच हातानं.

तो दिवस कसा गेला ते विभावरीबाईंनाच ठाऊक. शेजारच्या चार घरच्या बायका हाताशी घेतल्या, दोन्ही शेगड्या पेटवल्या, कमरेला पदर खोचला. दिवाकरराव अंगणात येरझारा घालत होते. पाच वाजता दहा प्रकार जीपमध्ये चढले. चिरोटे राहिले ते राहिलेच, आणि दिवाकरराव निरोपसुद्धा न घेता गेले.

“तिचा दोष नाही,” विनयराव हळूच म्हणाले. “पण आता तिला पॅकिंगला बसव. पगार तोच ठेवू. माणुसकीनं सांग.”

जया दारातच उभी होती. “दादा बरोबर म्हणून राहिले,” ती म्हणाली आणि आपली पिशवी चाचपायला लागली.

“ठेव ती पिशवी!” विभावरीबाई कडाडल्या. “आधी मला दाखव तू करतेस कशी.”

त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले. जयानं त्यांचं बोट कळीवर ठेवलं.

“बटन,” कॉम्प्युटर म्हणाला. “बटन. बटन. बटन. बटन...”

“अगं, पण यातलं नोंद करायचं कोणतं?”

“सातवं. सहावं रद्द करायचं. मोजते ना मी.”

विभावरीबाईंनी डोळे उघडले आणि पडद्यावर बटनं मोजली. नोंदीचं आठवं होतं, आणि सातवं आता रद्द करायचं. सुरुवातीलाच एक नवं कोरं, गुलाबी, ग्राहकांना शुभेच्छा पाठवायचं बटन येऊन बसलं होतं, आणि बाकीची सगळी एकेक घर पुढे सरकली होती. त्यांनी तिथल्या तिथे गौतमला फोन लावला. नवं बटन टाकलं ते सांगितलं का नाही?

“आंटी जी,” गौतम बिचारा गोंधळून म्हणाला, “वो तो दिख ही रहा है ना!”

विभावरीबाईंनी फोन ठेवला. नाही तर तोंडातून भलतंच काही गेलं असतं.

“पहिल्याच दिवशी सांगितलं काहून नाही गं मला?”

“कसं सांगू, वहिनी? तुम्ही तिघं इतक्या कौतुकानं उभे होते. त्यानं पोहेही खाल्ले होते. आणि वाटलं, नाही म्हटलं तर खुर्ची जाईल.”

विभावरीबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. शिकवणी आपण घेतली, कॉपी आपण पुरवली, आणि पासही आपणच केलं. पोरीला भिडेपोटी बोलता आलं नाही आणि आपल्याला कळलं नाही. स्वतःचाच इतका राग त्यांना कधी आला नव्हता.

त्या दिवसापासून नियम झाला. सॉफ्टवेअर घेऊन कुणीही येवो, जया आत एकटी, दार बंद, बाकीचे अंगणात. तोंडानं मदत करायची नाही. पोहे निकालानंतर.

पहिला आला. पाच मिनिटांत जयानं दार उघडलं. “नाही.” दुसऱ्याला तर दोनच मिनिटं लागली. तिसऱ्याच्या वेळी विनयराव म्हणाले, “अगं, पण दिसायला किती...” आणि बायकोकडे बघून गप्प झाले.

चौथं सॉफ्टवेअर दिसायला अगदीच भिकार होतं. करडा रंग, ना फुलं ना चित्रं. जया आत गेली ती बाहेरच येईना. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. आत फोन वाजला. खराखुरा, गिऱ्हाइकाचा! विभावरीबाईंचा हात तीनदा कडीकडे गेला, आणि तीनदा त्यांनी तो मागे घेतला. अडली असेल का? हाक मारू का? विनयरावांनी त्यांना धरून बाजेवर बसवलं.

शेवटी दार उघडलं.

“घमापूरच्या काकूंची ऑर्डर होती. घेतली. मग मुद्दाम रद्द करून पाहिली, तर ‘नक्की रद्द करायची का’ विचारते. परत नोंदली.” जया म्हणाली. “ऑर्डर घेणाऱ्याच्या नावाचा रकाना आहे यात. त्यात तुमचं नाव होतं. काढून माझं टाकलं.”

“बरं केलंस. मी कशाला नाही म्हणू?”

“विचारून नाही राहिली, वहिनी, सांगून राहिली,” जया म्हणाली. “आणि दार लावून घ्या. फोन वाजून राहिला.”