बुजवलेल्या खाचा

पाटीवर लिहिलं होतं, "शेतमजुराचं सुखी घर." बोडिल आत्याने ती पाटी दोनदा वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि हातातली पिशवी भाचीकडे दिली.

"टोवे, हे धर."

"का? काय झालं?"

"काही नाही. हात मोकळे हवेत मला."

बोडिल अडुसष्ट वर्षांची. ओडेन्से शहरातल्या धुलाईघरात तिने चाळीस वर्षं चादरी पिळल्या होत्या. लग्न केलं नाही, कुणापुढे वाकली नाही. तिचं जन्मघर जमीनदाराच्या गावातून खांब-तुळयांसकट उचलून या उघड्या माळावरच्या संग्रहालयात आणून उभं केलंय, हे टोवेने वर्तमानपत्रात वाचलं आणि मोठ्या हौसेने आत्याला रविवारी इथे आणलं. टोवेचा बाप येपे म्हणजे बोडिलचा धाकटा भाऊ. तो दोन वर्षांपूर्वीच वारला होता.

घर दिसत होतं देखणं, ते नाकारता येत नव्हतं. नवं शाकारलेलं पिवळंधमक छप्पर, गवत दाबून धरायला आढ्यावर जोडीजोडीने अडकवलेल्या ओकच्या लाकडी कैच्या, काळे खांब आणि त्यांच्या मधल्या कुडाच्या भिंतींना पांढराशुभ्र चुना. खिडक्यांना जाळीचे पडदे. बोडिलच्या आईने उभ्या जन्मात जाळीचा पडदा हातात धरला नव्हता.

आत झालरीचा एप्रन घातलेली एक पोरगी माणसांना माहिती सांगत होती. "सहा खणांचं हे घर. या टोकाला झोपायची खोली, मधे बैठक, तिकडे स्वयंपाक. गरिबी होती, पण घर ऐसपैस होतं बघा."

"किती खण म्हणालीस?" बोडिलने विचारलं.

"सहा, आजी."

"दोन! आम्ही सात माणसं दोन खणांत राहायचो. उरलेले चार जमीनदाराच्या बार्लीचे होते."

लोक वळून बघायला लागले. पोरगी गोंधळली. "पण मला तर असं शिकवलंय..."

"तुझा दोष नाही, बाळ. शिकवणाऱ्याला बोलाव."

शिकवणारा आला. ल्युंगबेर्ग नावाचे संचालक, टाय लावलेले, बोलायला मऊ. त्यांच्यामागे एस्किल सुतार. घर सोडवून पुन्हा जोडण्याचं काम त्याच्याच हातचं.

"आजीबाई, लहानपणीच्या आठवणी फसव्या असतात," ल्युंगबेर्ग म्हणाले. "घराचे दोन भाग करणारी आतली भिंत असल्याचा काहीएक पुरावा नाही."

बोडिल दुसऱ्या खणाच्या खांबापाशी गेली. हाताने चाचपलं. केसांतला आकडा काढला आणि खांबावरच्या काळ्या रंगात खुपसला. रंगाखाली भरलेला लांबीचा सुका लगदा चुरा होऊन खाली पडला. आत चौकोनी खाच होती, चांगली चार बोटं खोल.

"अहो, वस्तूंना हात लावू नका!"

"वस्तू? हे माझं घर आहे, रे माणसा! ही खाच काय उंदरांनी पाडली? आडवं लाकूड बसायचं इथे, त्याच्याखाली कूड. जमीनदाराचं कोठार जळालं, तेव्हा कारभारी म्हणाला, एका हिवाळ्यापुरती भिंत घालतो. अकरा वर्षं राहिली ती! पलीकडे उंदीर बार्ली खायचे, तो आवाज ऐकत आम्ही उपाशी झोपायचो. माझ्या येपेने भिंतीला भोक पाडलं, सुगडभर दाणे काढले. आठ वर्षांचा होता. कारभाऱ्याने जमिनीवर सांडलेले दाणे पाहिले आणि नोव्हेंबरात आम्हाला बाहेर काढलं. आई त्याच हिवाळ्यात गेली. आणि तुम्ही पडदे लावताय!"

टोवे पिशवी छातीशी धरून उभी होती. बापाने तिला यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं.

ल्युंगबेर्ग एस्किलकडे वळले. "ही नंतरची दुरुस्ती असावी, नाही का?"

एस्किलने मान खाली घातली. "नाही, साहेब. दोन्ही खांबांना समोरासमोर खाचा आहेत. मी तेव्हाच म्हणालो होतो. तुम्ही बुजव म्हणालात."

"आणि तू बुजवल्यास!" बोडिल आता त्याच्यावर उखडली. "लाकूड खरं बोलत होतं आणि तू त्याच्या तोंडात बोळा कोंबलास. सुतार म्हणवतोस?"

लाजेने एस्किलचे कान लाल झाले.

पुढच्या आठवड्यात ल्युंगबेर्गांचं पत्र आलं. दाराशी एक छोटी पाटी लावू, त्यात भिंतीचा उल्लेख करू, म्हणजे समाधान होईल. बोडिलने त्याच पत्राच्या मागे लिहून पाठवलं, "पाटी कोण वाचतं? भिंत घाला." मग दर रविवारी ती तिकीट काढून यायची आणि त्या खांबापाशी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सगळं सांगायची. दोनदा पहारेकऱ्याने बाहेर काढलं. तिसऱ्यांदा लोकांनीच पहारेकऱ्याला अडवलं. शेवटी प्रकरण विश्वस्तांपुढे गेलं. तिथे एस्किल उभा राहिला आणि खाचांची मोजमापं वाचून दाखवली. नोकरी जाईल म्हणून त्याची बायको रडत होती म्हणे. नोकरी गेली नाही. संचालकही गेले नाहीत. पण हिवाळाभर संग्रहालय बंद होतं, तेवढ्यात भिंत उभी राहिली.

एप्रिलमध्ये टोवे आत्याला घेऊन गेली. दोन खणांत पंधरा माणसं दाटीवाटीने उभी होती, कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत. एप्रनवाली पोरगी भिंतीवर हात ठेवून खरी हकीकत सांगत होती. ल्युंगबेर्ग पुढे आले. "या, बसा ना. छायाचित्रकार बोलावलाय. तुमच्या घरात तुमचा एक फोटो हवा."

"माझ्या हसऱ्या तोंडाचा?"

"म्हणजे, तुम्हाला हवं तसं झालंय ना आता?"

"हवं तसं?" बोडिलचा आवाज चढला, तशी पोरगी बोलायची थांबली. "साहेब, ही भिंत मला कधीच नको होती. ती होती म्हणून मागितली. उद्या कुणी म्हणालं, बघा, म्हातारी किती खूश झाली, तर मी पुन्हा येईन."

ती बाहेर पडली. टोवे धावत तिच्यामागे गेली. फाटकापाशी टोवे म्हणाली, "आत्या, बाबा लहानपणी कसे होते, ते सांग ना मला."

"आत्ता नको," बोडिल म्हणाली. "अजून डोकं तापलंय. चल, आधी कॉफी पाज."