सीलबंद आहेर

आमच्या कंपनीने ‘सुगम’ नावाचा स्वस्तातला टॅब बाजारात आणला, तेव्हा हिंजवडीच्या ऑफिसात केक कापला होता. केकवर टॅबचंच चित्र होतं, आणि खरं सांगायचं तर केक टॅबपेक्षा बरा होता. माझं काम ग्राहकांच्या प्रतिक्रिया गोळा करण्याचं. कंपनीत या खात्याला ‘कस्टमर डिलाइट’ म्हणतात. म्हणजे लोकांच्या शिव्या आपण खायच्या आणि त्यांचे पेढे करून वरिष्ठांना वाढायचे.

वरिष्ठ म्हणजे दिग्विजय सर. भूगावला फ्लॅट, गळ्यात ओळखपत्र आणि दर वाक्याला एक ‘बेसिकली’. एका सोमवारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून भिंतीवरचा नकाशा दाखवला.

“क्षितिजा, बेसिकली हे बघ. मुळशी तालुका. महाराष्ट्रात सगळ्यात जास्त सेल इथे. आणि चालू झालेले टॅब किती? एकही नाही!”

टॅब सुरू केला की आमच्याकडे नोंद होते आणि नकाशावर तो असेल तिथे एक हिरवा ठिपका उगवतो; दोन दिवस बंद राहिला की विझतो. सोलापुरात ठिपके होते, गडचिरोलीत होते, आमच्या वाशीमलाही चार-दोन होते. मुळशी मात्र कोरी करकरीत होती.

“सर, लोकांनी विकत घेतले आणि लावलेच नाहीत?”

“तेच तुला शोधायचंय. मला एक ओरिजनल मुळशीकर कस्टमर पाहिजे, स्वतः विकत घेतलेला टॅब उघडताना आणि वापरताना, व्हिडिओवर. तुझं प्रोबेशन संपतंय ना लवकरच?” असं म्हणून सर गोड हसले. गोड हसून नोकरी घालवण्याचं वरच्या लोकांना वेगळं प्रशिक्षण देत असावेत.

तिकडे वाशीमला बाबांनी गावभर सांगून ठेवलं होतं की आमची पोरगी पुण्यात परमनंट आहे. कंपनीच्या आधी बाबांनीच मला परमनंट केलं होतं. आता बॅग घेऊन परत जायचं, तर त्यांना तोंड कसं दाखवायचं, याची मला खरोखर भीती वाटत होती.

मी मुळशीतल्या ऑनलाइन प्रतिक्रिया वाचायला बसले. इतके तृप्त ग्राहक मी जन्मात पाहिले नव्हते. ‘खोका मजबूत. पाच स्टार.’ ‘प्लास्टिकचं सील एकदम टाईट, पुन्हा घेणार.’ ‘पंचवीस नग मागवले, एकाचाही कोपरा चेपलेला नाही.’ ‘खोक्यावर छापील किंमत आपल्याला पडते त्याच्या दुप्पट आहे, त्यामुळे फार समाधान वाटले.’ एकच नाराज माणूस सापडला, मुळशीतल्याच चांदे गावचा. त्याने दोन स्टार देऊन लिहिलं होतं, ‘खोका अजून मोठा पाहिजे होता. स्टेजवर लांबून दिसत नाही.’ स्क्रीन, बॅटरी, कॅमेरा यांबद्दल कुणाची म्हणून तक्रार नव्हती. ते आत आहेत, याचीच कुणी दखल घेतलेली दिसत नव्हती.

पण स्टेजवर टॅबचं काय काम, ते मला कळेना.

मी ऑफिसजवळच्या माण गावात राहते, घरमालक कैलासकाकांच्या बिल्डिंगमध्ये. जिथे त्यांची भातखाचरं होती तिथे आता चार मजले उभे आहेत, आणि मजल्यामजल्यावर माझ्यासारखं बाहेरगावचं पीक डोलत असतं. त्या संध्याकाळी मी नळाला पाणी नाही म्हणून सांगायला खाली गेले. काकांच्या आई, चंद्राबाई आजी, आतल्या खोलीत लोखंडी कपाट उघडून बसल्या होत्या. कपाटात वरपासून खालपर्यंत आमच्या ‘सुगम’ची पांढरी खोकी रचलेली होती. इतकी तर आमच्या गोदामातही नसतील.

“आजी, हे काय आहे?”

“आहेर हाय. गेणबाच्या नातवाचं लगीन हाय परवा. कंचा न्यायचा त्ये बघतीया.”

“कंचा म्हणजे? सगळे सारखेच तर आहेत!”

“मंग, त्येच तर बरं हाय,” आजी म्हणाल्या. “आधी टॉवेल-टोपी व्हती. मंग साड्या आल्या. साडीचं लई वंगाळ. चांद्याच्या विहिणीनं मला दिल्याली साडी फिरत फिरत तिच्याच वटीत गेली. तिनं काठावरनं वळखली. दोन वरसं बोलत न्हवती माझ्याशी. ह्ये टॅबचं झ्याक काम हाय. कुणाचा कुणाला गेला, कुणाच्या बापाला कळत न्हाई.”

आमच्याकडे परदेशात शिकून आलेली माणसं महिनाभर डोकी खाजवत होती, आणि उत्तर माझ्या खोलीच्या बरोबर खाली कपाटात बसलं होतं.

“म्हणजे उघडत कुणीच नाही?”

“आहेर कुणी उघडतंय व्हय? फोडल्याला आहेर फुडं द्यायचा कसा?”

मी तिथेच गयावया करायला लागले. एक, फक्त एक टॅब उघडा, मी व्हिडिओ काढते. तेवढ्यात कैलासकाका आले. गळ्यात साखळी, हातात गाडीची चावी, आणि चेहरा असा की जणू मी त्यांच्या मळ्यातला आंबा तोडायला मागितला होता.

“मॅडम, एक फोडला म्हंजी एका लग्नाची खोट. तुमच्या कंपनीत टॅबला काय तोटा हाय? तितला फोडा की.”

“कंपनीतला नाही चालत, काका. मुळशीकरानं स्वतः घेतलेला पाहिजे.”

“मंग न्हाई जमायचं.”

आजींनी मध्येच विचारलं, “आन न्हाईच फोडला तर काय व्हईल गं?”

“काही नाही, नोकरी जाईल माझी.” हे मी हसत म्हणणार होते. पण आवाज फाटला आणि डोळ्यांत पाणी आलं. लाज वाटली मला, टॅबच्या खोक्यासाठी रडताना.

आजींनी माझ्याकडे पाहिलं. मग रांगेतून एक खोका ओढून काढला आणि म्हणाल्या, “कैलास, कातर आन.”

मी मोबाईल रोखून उभी राहिले. या घरात ट्रॅक्टर, गाडी आणि बोअरचा पंप यांच्यापैकी कशालाही पूजेशिवाय हात लागलेला नाही, तेव्हा टॅब कसा सुटेल? आजींनी टरकन प्लास्टिक फाडलं, कालवलेली हळद घेतली आणि खोक्याच्या खालच्या कोपऱ्यावर अंगठा दाबला. आडवा, रुंद, भात लावून लावून पसरलेला अंगठा होता तो. मग त्यांनी खोका उघडला. काकांनी तोंड फिरवून घेतलं.

आत टॅब निघाला, एक वायर निघाली आणि कुणीही वाचणार नाही असं एक पुस्तक निघालं. आजी खोक्यात हात घालून चाचपत राहिल्या.

“चार्जर कुटं हाय?”

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. “चार्जर वेगळा घ्यावा लागतो, आजी. तसं खोक्याच्या तळाला लिहिलेलं असतं. बारीक अक्षरात.”

काकांना आयुष्यात इतका आनंद झाला नसेल. “बघा! म्हनून उघडायचं नसतं.”

माझ्या फोनचा चार्जर लावून टॅब सुरू केला. तो सुरू होईपर्यंत आजींची कोथिंबिरीची जुडी निवडून झाली. शेवटी पडदा उजळला, मी नाव घातलं, आणि टॅबने मोठ्या अक्षरांत म्हटलं, ‘नमस्कार, चंद्राबाई.’ तिकडे ऑफिसच्या नकाशावर मुळशीत पहिला हिरवा ठिपका उगवला असणार.

“कसा वाटला, आजी?”

आजींनी टॅब उलटासुलटा केला. “ह्याच्यात काय दिसतंय?”

“सगळं दिसतं.”

“माझ्या फोनात बी समदं दिसतंय. आन बिगीनं दिसतंय.”

“अहो, काहीतरी चांगलं सांगा ना!”

आजी प्रामाणिक बाई. त्यांनी मनापासून विचार केला, टॅब खाली ठेवला, खोका हातात घेतला आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, “खोका लई चांगला हाय.”

व्हिडिओ पाठवताना त्या वाक्यातला पहिला शब्द मी कापला. दिग्विजय सर बेहद्द खूश झाले. ‘लई चांगला हाय’ हे मोठ्या पडद्यावर तीन वेळा वाजवण्यात आलं आणि मंडळींनी टाळ्या वाजवल्या. दोनच दिवसांत मुळशीतला ठिपका विझला. सरांनी त्यावर ‘ग्राहकाची बदलती गरज’ अशी एक स्लाइड केली.

ग्राहकाची गरज काय बदलली होती ते मला माहीत होतं. काकांनी टॅब बंद करून, वायर गुंडाळून, पुस्तकासकट पुन्हा खोक्यात घातला होता, आणि चौकात मिठाईच्या खोक्यांना प्लास्टिक चढवून देणाऱ्याकडून त्याला नवं सील मारून आणलं होतं. हळदीचा अंगठा मात्र पुसूनही निघाला नाही.

“द्यायच्या येळी तितंच बोट धरायचं,” आजी म्हणाल्या. “कोण बघतंय?”

एवढ्यावर भागलं असतं. पण आहेराचा प्रकार मी सरांना सांगितला, आणि सरांना उत्साह आला. “बेसिकली, हा तर गिफ्टिंग सेगमेंट आहे! मला फील्ड बघायचंय.” म्हणून काकांच्या पुतण्याच्या लग्नाला, पौड रस्त्यावरच्या लॉन्सवर, सर जातीने आले. माईकवाला मान्यवरांची नावं घेत होता. लग्न लागायची वेळ टळून गेली तरी मान्यवर संपेनात, कारण मुळशीत मान्यवर नसलेला माणूस लग्नाला जातच नाही. “आणि हिंजवडीच्या नामांकित कंपनीचे साहेब, माननीय दिग्विजयराव!” सरांना फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला, आणि कैलासकाकांनी त्यांच्या हातात ‘सुगम’चा खोका ठेवला.

काकांनी खोक्याचा खालचा कोपरा अंगठ्याने घट्ट दाबून धरला होता.

काका खाली उतरले तशी मी त्यांना मंडपाच्या मागे गाठलं. “काका, तोच दिलात? सरांना?”

“मंग काय तर! दुसऱ्या कुणी फोडला असता म्हंजी आमची अब्रू गेली असती. तुमच्या सायबाच्या घरात तर रोज टॅबच टॅब. त्यो कशाला फोडतोय?”

काकांच्या हिशेबात खोट नव्हती, फक्त माझी झोप उडाली. सरांनी तो उघडला की आत ‘नमस्कार, चंद्राबाई’ उभंच होतं. मोठ्या पडद्यावर मिरवलेली मुळशीची एकमेव ग्राहक दोन दिवसांत टॅब सीलबंद करून मोकळी झाली, आणि तो त्यांनाच आहेर म्हणून आला, हे त्यांना कळायला वेळ लागला नसता. रोज ऑफिसात गेल्याबरोबर मी नकाशावर सरांचं भूगाव बघायची. ठिपका उगवला की माझी नोकरी मावळली. बाबांचा फोन आला की मी मीटिंगमध्ये आहे म्हणून सांगायची.

ठिपका उगवला नाही.

आणि महिनाअखेरीला सरांनी बोलावलं. “काँग्रॅच्युलेशन्स, क्षितिजा. यू आर परमनंट.” एका हातात पत्र आलं. “आणि बेसिकली, ही माझ्याकडून पर्सनल भेट.” दुसऱ्या हातात ‘सुगम’चा खोका आला. “मी स्वतः घरी हाच वापरतो. मुलं हातातून सोडत नाहीत. हा तुझ्यासाठी, नवा कोरा.”

प्लास्टिकच्या आत, खालच्या कोपऱ्यावर, आडवा रुंद पिवळा अंगठा होता.

माझ्या तोंडातून निघून गेलं, “सर, चार्जर?”

“आतच आहे गं, बॉक्समध्ये. चार्जर न देण्याइतकी चिंधी कंपनी आहे का आपली?”

ज्या माणसाने खोका उघडू नये म्हणून मी रात्र-रात्र जागी होते, त्याने आपल्या कंपनीचा एकही खोका आजवर उघडलेला नव्हता. हसू यावं की रडू, मला समजेना. राग आला, चांगलाच आला. तिथल्या तिथे सील फाडून सरांना चार्जर शोधायला लावावा, असं वाटलं. पण दुसऱ्या हातात पत्र होतं. मी म्हटलं, “थँक यू, सर.”

घरी येऊन खोका आजींसमोर ठेवला. त्यांनी आपला अंगठा त्या पिवळ्या ठशावर ठेवून पाहिला. बरोबर बसला. पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या की काका बाहेरून आत आले.

“आता त्यो तुझाच हाय, पोरी,” आजी म्हणाल्या. “कमावलास तू. फोड आन वापर.” आणि कात्री माझ्यापुढे सरकवली.

मी कात्री उचलली, तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. या वेळी मी उचलला. परमनंट झाले म्हणून सांगितलं, तर पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, “बरं झालं बाई. ऐक, वैशाखात तुझ्या मामाच्या दिशाचं लग्न आहे. तू आता परमनंट. आहेर जरा पुण्यासारखा पाहिजे. चारचौघांत दिसेल असा.”

“बघते, बाबा,” मी म्हटलं.

फोन ठेवला. खोका मजबूत होता, सील टाईट होतं आणि छापील किंमत दुप्पट होती. मी कात्री आजींकडे परत सरकवली.

“आजी, वैशाखापर्यंत तुमच्या कपाटात ठेवता का?”

“ठिव की,” आजी म्हणाल्या, आणि अंगठ्याचा ठसा भिंतीकडे करून त्यांनी खोका रांगेत लावून टाकला.